तेच कार्ड, की तसेच कार्ड?

तारापूर औद्योगिक वसाहतीत एखादे जुने यंत्र अचानक थांबते, तेव्हा फिटर आधी लोखंड बघतो, इलेक्ट्रिशियन सप्लाय बघतो आणि दोघांनाही काही सापडले नाही की पॅनेल उघडून आतले हिरवे कार्ड बाहेर काढले जाते. कार्डाच्या मध्यभागी चाळीस पायांची काळी चिप असते. यंत्र कापड विणणारे असो, औषधाच्या गोळ्या दाबणारे असो की पोलाद कापणारे, त्याचा मेंदू हाच. चिपचा आराखडा चाळीस वर्षांपूर्वीचा, आणि कार्ड बनवणाऱ्या कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केलेले. मग एकदम चार सल्ले मिळतात. डहाणू लोकलने ग्रँट रोडला जा, लॅमिंग्टन रोडवर चिप शोधा. त्याच सॉकेटात बसणारे काही नवे, वेगवान मिळते का पाहा. नमुना देऊन हुबेहूब कार्ड बनवून घ्या. नाही तर जुन्याची नक्कल करणारे नवे काहीतरी बसवून मोकळे व्हा.

माळ्यावरचा १९८० च्या दशकातला घरगुती संगणक पुन्हा चालू करू पाहणारे हौशी लोक एकमेकांना हेच चार सल्ले देतात. संग्रहालयांतही वाद याच चार वाटांवर फिरतो. आणि या वसाहतीजवळच्या बोईसरपासून थोड्याच अंतरावर, समुद्रकाठी, देशातले पहिले अणुऊर्जा केंद्र उभे आहे. अशा केंद्रांत जुन्या इलेक्ट्रॉनिक्सचे काय करायचे, हा प्रश्न सुरक्षेच्या चौकटीत बसवून सोडवावा लागतो. तीन जगे वेगळी, प्रश्न मात्र सारखाच: जुन्या संगणकाचा प्रोसेसर-बोर्ड जपायचा, सुधारायचा, पुन्हा घडवायचा, की त्याची नक्कल करायची? या चर्चेत आजवर काय ठरले आहे आणि काय ठरायचे आहे, त्याचा हा आढावा.

एकाच वर्षाच्या दोन गोष्टी

१९६९ हे वर्ष या प्रश्नासाठी सोयीचे आरंभस्थान आहे. त्या वर्षी जानेवारीत भाभा अणुसंशोधन केंद्राने ट्रॉम्बे येथे घडवलेल्या टीडीसी-१२ या संगणकाचे उद्‌घाटन विक्रम साराभाई यांच्या हस्ते झाले. बारा बिटांचे हे यंत्र पुढे हैदराबादच्या ईसीआयएलने बाजारात आणले. ईसीआयएल ही कंपनी १९६७ साली अणुऊर्जा खात्यातूनच जन्मलेली. टीडीसी-३१२ आणि सोळा बिटांचा टीडीसी-३१६ हे याच घराण्यातले पुढचे संगणक. त्याच १९६९ च्या ऑक्टोबरात तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांची व्यापारी वीज सुरू झाली. ट्रॉम्बेचा संगणक आपण घडवलेला होता. तारापूरच्या भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या आराखड्याच्या होत्या आणि नियंत्रणाची सामग्रीही त्याच काळातली, त्याच धाटणीची.

पुढे जे घडले, त्यामुळे आपल्या विषयाशी तारापूरचे नाते केवळ भौगोलिक उरत नाही. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर आणि विशेषतः १९७८ च्या अमेरिकी अण्वस्त्रप्रसारबंदी कायद्यानंतर मूळ पुरवठादाराकडून इंधन आणि सुटे भाग मिळणे अवघड होत गेले. इंधनासाठी आधी फ्रान्स, मग चीन, मग रशिया असे दरवाजे ठोठवावे लागले. सुट्या भागांचे बरेचसे काम देशातच भागवावे लागले. ‘मूळ कंपनी माल देत नाही, तरी यंत्र चालले पाहिजे’ ही अवस्था हौशी संगणकप्रेमींना विसाव्या शतकाच्या शेवटी कळली. तारापूरला ती दोन दशके आधीच भेटली होती.

त्याच आवारात पुढे ५४० मेगावॉटच्या दोन देशी भट्ट्या उभ्या राहिल्या. चौथ्या भट्टीतून २००५ साली आणि तिसरीतून २००६ साली व्यापारी वीज सुरू झाली. त्यांचे नियंत्रण मोठ्या प्रमाणावर संगणकाधारित आहे. म्हणजे एका कुंपणात साठच्या दशकातली विद्युत-यांत्रिक परंपरा आणि मायक्रोप्रोसेसरची पिढी अशा दोन्ही नांदल्या. पहिल्या दोन भट्ट्यांची २००५-०६ च्या हिवाळ्यात मोठी सुरक्षा-सुधारणा झाली. २०२० मध्ये त्या पुन्हा दीर्घ दुरुस्तीसाठी बंद करण्यात आल्या. या दुरुस्त्या मुख्यतः पाइप, डिझेल जनित्रे, वीजपुरवठ्याची विभागणी अशा गोष्टींच्या. पण अर्धशतक चालणाऱ्या यंत्रात इलेक्ट्रॉनिक्सचे आयुष्य लोखंडाच्या मानाने किती तोकडे असते, हे अशा वेळी ठळकपणे जाणवते.

घरगुती आणि शालेय संगणकांची कथा थोडी नंतरची. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू केला. त्यासाठी ब्रिटनचा बीबीसी मायक्रो निवडला गेला आणि भारतात तो सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सकडून आला. पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने काढली. दशकाच्या अखेरीस कार्यालयांत आयबीएम पीसी-एक्सटीच्या धर्तीचे संगणक आले, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ८०८५ चे किट पिढ्यानपिढ्या विद्यार्थ्यांनी हाताळले. आज पुनर्निर्मितीसाठी लोकांच्या टेबलावर येणारी यंत्रे बहुधा या चार वर्गांतली असतात.

कार्ड मरते कसे

उपायांच्या चर्चेआधी आजार समजून घ्यायला हवा, कारण चारही वाटांच्या समर्थकांत निदानाबद्दल फारसा मतभेद नाही. प्रोसेसर चिप स्वतः क्वचितच आधी मरते. तिच्या भोवतीचे आधी जाते. १९८० च्या अखेरच्या अनेक बोर्डांवर घड्याळ चालू ठेवण्यासाठी छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असे. ती गळते आणि तिचे अल्कली तांब्याचे ट्रॅक खाते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळतात किंवा फुगतात. सॉकेटचे पाय काळवंडतात. ज्या इपीरॉममध्ये मूळ प्रोग्राम साठवलेला असतो, तिच्यातला विद्युतभार वर्षानुवर्षे झिरपत जाऊन एखादा बिट उलटतो. मग यंत्र कधी चालते, कधी नाही. दुरुस्ती करणाऱ्याला अशा दोषाचा सर्वांत जास्त वैताग येतो.

पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीत यात दोन गोष्टींची भर पडते. समुद्रावरची खारी, दमट हवा आणि रासायनिक कारखान्यांच्या परिसरातले आम्लधर्मी वा गंधकयुक्त वायू. तांबे आणि चांदी या दोन्ही धातूंना हे वायू मानवत नाहीत. म्हणून औद्योगिक कार्डांवर वार्निशसारखे कोटिंग दिलेले असते. त्या कोटिंगमुळे कार्ड टिकते, पण दुरुस्तीच्या वेळी चिप उपटताना ट्रॅकही उखडण्याची भीती वाढते.

दुसरा आजार बाजाराचा आहे. १९७६ साली आलेली झायलॉगची झेड८० चिप अठ्ठेचाळीस वर्षे अखंड विकली गेली. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने तिच्या मूळ सुट्या रूपाचे उत्पादन थांबवत असल्याचे कळवले आणि शेवटच्या मागणीसाठी जूनपर्यंत मुदत दिली. ६५०२ या १९७५ च्या चिपची सुधारित आवृत्ती मात्र अमेरिकेत आजही नवी मिळते. ज्या चिपा बंद झाल्या, त्यांची पोकळी बनावट मालाने भरते. वरचा छाप घासून दुसरा क्रमांक छापलेली ‘रिमार्क’ चिप दिसायला अस्सल असते. बेंचवर लावल्याशिवाय तिची लबाडी कळत नाही.

पहिली भूमिका: मूळ तेच राखा

पहिला पक्ष म्हणतो, शक्य तितके मूळ भाग ठेवून दुरुस्ती करा. संग्रहालयांचा कल इकडे असतो. त्यांचा युक्तिवाद असा, की जुना बोर्ड हा स्वतःच एक दस्तऐवज आहे. त्यावरचे सोल्डर, कारखान्यात हाताने जोडलेल्या दुरुस्तीच्या तारा, कुठल्या आठवड्यात कुठली चिप बनली ते सांगणारे आकडे, या सगळ्यांत त्या काळाच्या उत्पादनपद्धतीची माहिती असते. कपॅसिटर बदलला तरी जुना काढून चिठ्ठी लावून ठेवावा, असा आग्रह यातूनच येतो.

कारखान्यातला व्यवस्थापकही अनेकदा याच पक्षात असतो, पण त्याचे कारण वेगळे. मूळ कार्ड दुरुस्त झाले तर बाकी यंत्राला हात लावावा लागत नाही, उत्पादन लगेच सुरू होते. या वाटेची मर्यादा सरळ आहे: सुट्या भागांचा साठा संपणारा आहे. प्रत्येक दुरुस्ती दुसऱ्या एखाद्या यंत्राच्या मरणावर अवलंबून असते. शिवाय जुने कार्ड जितके वेळा गरम होते, तितके ट्रॅक सैल होत जातात. चार-पाच दुरुस्त्यांनंतर मूळ म्हणावे असे त्यात किती उरले, हा प्रश्न या पक्षालाही टाळता येत नाही.

दुसरी भूमिका: तोच सॉकेट, नवा मेंदू

दुसरा पक्ष बोर्ड ठेवतो आणि प्रोसेसर बदलतो किंवा त्याला जोडीदार देतो. ही कल्पना नवी नाही. ज्या यंत्रांना आज आपण जुनी म्हणतो, ती नवी असतानाच ती रूढ होती. १९८४ मध्ये जपानच्या एनईसीने व्ही२० नावाची चिप आणली. ती आयबीएम पीसीतल्या ८०८८ च्या सॉकेटात जशीच्या तशी बसे आणि त्याच क्लॉकवर अधिक काम करी. मायक्रोसॉफ्टने १९८० मध्येच ॲपल-टूसाठी झेड८० चे कार्ड विकले होते. बीबीसी मायक्रोला तर ‘ट्यूब’ नावाची खास जोडणी होती. तिच्यातून दुसरा प्रोसेसर बाहेरून जोडता येई. १९८५ साली पहिला एआरएम प्रोसेसर याच जोडणीतून चालवून पाहिला गेला. आज जगातल्या जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये ज्या घराण्याचा प्रोसेसर असतो, तो आरंभी एका शालेय संगणकाचा ‘दुसरा मेंदू’ होता. आपल्या काही शाळांत तोच संगणक तेव्हा कुलूपबंद खोलीत प्लास्टिकच्या आच्छादनाखाली ठेवलेला असे.

आज हीच युक्ती स्वस्त झाली आहे. कमोडोर ॲमिगाच्या ६८००० चिपच्या जागी ‘पायस्टॉर्म’ हे छोटे कार्ड बसवून त्यावर रास्पबेरी पाय लावला जातो. मूळ सात मेगाहर्ट्‌झच्या यंत्राचा वेग अनेक पटींनी वाढतो. बीबीसीच्या ट्यूबलाही असाच पाय जोडता येतो.

आक्षेप दोन. एक तांत्रिक: जुन्या प्रोग्रामांत ‘थोडे थांब’ हे सांगण्यासाठी प्रोसेसरला रिकामे फेरे मोजायला लावलेले असतात. प्रोसेसर वेगवान झाला की ते थांबणे आखूड होते. संगणकावर खेळ बिघडतो इतकेच. पण यंत्राच्या कार्डात त्याच फेऱ्यांवर एखादा सोलेनॉइड किती काळ दाबून ठेवायचा हे ठरत असेल, तर परिणाम कापडावर किंवा बोटांवर दिसू शकतो. दुसरा आक्षेप तत्त्वाचा: रास्पबेरी पायमधला प्रोसेसर ज्या यंत्राला हजारदा मागे टाकतो, त्या यंत्राच्या सॉकेटात तो बसवल्यावर जुना बोर्ड केवळ कीबोर्ड आणि कनेक्टरांपुरता उरतो. समर्थकांचे उत्तर असे, की वापरात असलेले यंत्र जपले जाते, कपाटातले विसरले जाते.

तिसरी भूमिका: बोर्ड पुन्हा घडवा

तिसरा पक्ष जुन्याच्या आराखड्यावरून नवा बोर्ड काढतो. छापील सर्किट बोर्ड कमी संख्येत स्वस्तात बनवून मिळू लागल्यापासून ही वाट फार रुंद झाली. जुना बोर्ड स्कॅन करायचा, प्रत्येक ट्रॅक मल्टिमीटरने तपासायचा, संगणकावर आराखडा उतरवायचा आणि नव्या फायबरग्लासवर तो छापून घ्यायचा. ॲपल-वन, पीसी-एक्सटी, ॲमिगा यांचे असे नवे बोर्ड जगभर घडवले गेले आहेत.

अडचण येते ती खास त्या यंत्रासाठीच बनवलेल्या चिपपाशी. स्पेक्ट्रमच्या आत फेरांती कंपनीची ‘यूएलए’ नावाची चिप होती. चित्र दाखवणे, कीबोर्ड वाचणे, टेपशी बोलणे हे सगळे ती करी. ती कुठेही नवी मिळत नाही. ब्रिटिश अभियंता ख्रिस स्मिथ यांनी तिचा अंतर्भाग उलगडून २०१० मध्ये पुस्तक लिहिले आणि तिचे काम साध्या, बाजारात मिळणाऱ्या लॉजिक चिपांतून करून दाखवले. पुण्याच्या डीबी स्पेक्ट्रमला जीव द्यायचा असेल, तर तोच अभ्यास उपयोगी पडतो, कारण घराणे एकच.

या पक्षातले टोकाचे उदाहरण म्हणजे ‘मॉन्स्टर ६५०२’. यात ६५०२ चिपचा आतला प्रत्येक ट्रान्झिस्टर सुटा घेऊन हातभर बोर्डावर मांडला आहे. तो मूळ चिपच्या सुमारे विसाव्या भागाच्या वेगाने चालतो, पण चिप विचार कसा करते ते दिव्यांच्या उघडझापीतून डोळ्यांना दिसते. शिकवण्याच्या दृष्टीने अशा पुनर्निर्मितीचे मोल मोठे आहे.

संग्रहालयांच्या जगात सर्वांत गाजलेली पुनर्निर्मिती इंग्लंडच्या कोलोससची. युद्धानंतर या यंत्राचे आराखडे नष्ट केले गेले होते. टोनी सेल यांनी काही जुनी छायाचित्रे, अभियंत्यांनी जपलेली तुटक टिपणे आणि त्यांच्या आठवणी यांवरून १९९३ पासून ते पुन्हा उभारायला घेतले आणि २००७ मध्ये काम पुरे झाले. हे काम होऊ शकले, कारण ते यंत्र प्रत्यक्ष हाताळलेली माणसे तेव्हा हयात होती.

चौथी भूमिका: वागणूक पुरे, वस्तू कशाला?

चौथ्या पक्षाच्या मते जपायची ती यंत्राची वागणूक. ती सॉफ्टवेअरमध्ये उतरवता येते, याला इम्युलेशन म्हणतात. किंवा एफपीजीए या कोऱ्या चिपमध्ये लिहून काढता येते. एफपीजीएमध्ये हजारो लॉजिक घटक असतात आणि ते कसे जोडायचे हे एका मजकुरावरून ठरते. आज झेड८० लिहा, उद्या ६८०००. हौशींचा ‘मिस्टर’ प्रकल्प एकाच बोर्डावर डझनावारी जुने संगणक असे उतरवतो. पीडीपी-८ आणि पीडीपी-११ या ऐतिहासिक यंत्रांची छोटी प्रतिकृती आत रास्पबेरी पाय ठेवून, बाहेर दिवे आणि खटके तसेच लावून केली जाते.

या पक्षाची बाजू भक्कम करणारी गोष्ट अशी, की चिपा मरतात पण त्यांचा सूचना-संच, म्हणजे प्रोसेसरला कळणारी भाषा, टिकतो. आयआयटी मुंबईत घडलेला ‘अजित’ हा प्रोसेसर याचे जवळचे उदाहरण. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या या प्रोसेसरने नवी भाषा शोधण्याऐवजी जुनी, खुली स्पार्क-व्ही८ भाषा स्वीकारली. त्यामुळे तयार कंपायलर आणि प्रोग्राम त्याला लागू पडले. भाषा ठेवा, शरीर बदला, असे हे धोरण.

विरोधक विचारतात, की वागणूक पूर्ण उतरली हे ठरवणार कोण? माहितीपुस्तकात न लिहिलेल्या सूचना ६५०२ आणि झेड८० दोन्हींत होत्या आणि जुने प्रोग्राम त्या बिनधास्त वापरत. हे कोडे सोडवण्यासाठी ‘व्हिज्युअल ६५०२’ प्रकल्पात चिपचे आवरण काढून तिची सूक्ष्म छायाचित्रे घेतली गेली आणि प्रत्येक ट्रान्झिस्टर संगणकावर उतरवला गेला. असा अभ्यास मोजक्या लोकप्रिय चिपांचाच झाला आहे. शिवाय जुने बोर्ड पाच व्होल्टवर चालतात आणि आजच्या एफपीजीए ३.३ किंवा त्याहून कमी व्होल्टवर. मधे पातळी बदलणाऱ्या चिपा लागतात, आणि त्यांच्या नॅनोसेकंदांच्या विलंबाने नवे दोष निपजतात.

अणुकेंद्राचा निकष

वरच्या चारही वाटा अणुऊर्जा क्षेत्रात चर्चेत आहेत, पण तिथे निवडीचा निकष बदलतो. हौशी माणूस विचारतो ‘चालते का?’, कारखानदार विचारतो ‘कधी चालेल?’. अणुकेंद्रातला प्रश्न असतो, ‘ते चालेलच हे कागदावर सिद्ध करता येते का?’

फ्रान्सच्या ईडीएफ कंपनीने मोटोरोला ६८०० या जुन्या प्रोसेसरची प्रतिकृती एफपीजीएत करण्याचा मार्ग अवलंबला. हेतू हा, की वर्षानुवर्षे तपासून सिद्ध झालेला मूळ प्रोग्राम बदलावा लागू नये. कॅनडात दुसरे टोक दिसले: तिथल्या केंद्रांतल्या पीडीपी-११ संगणकांसाठी, १९७० सालची ती भाषा जाणणाऱ्या प्रोग्रामरची मागणी २०१३ मध्ये जाहीर झाली, तेव्हा ही यंत्रे २०५० पर्यंत चालवायची असल्याची बातमी जगभर फिरली. एकीकडे चिप बदलून प्रोग्राम राखणे, दुसरीकडे यंत्रही राखणे आणि त्यासाठी माणसे राखणे.

नियामकांनीही या वाटा ओळखल्या आहेत. भारताच्या अणुऊर्जा नियामक मंडळाने देशी भट्ट्यांतल्या संगणकाधारित यंत्रणांसाठी २०१० मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. एफपीजीएसारख्या चिपांत लिहिलेल्या तर्कासाठी आंतरराष्ट्रीय मानक २०१२ मध्ये आले, आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०१६ मध्ये त्यावर अहवाल प्रसिद्ध केला. एफपीजीएच्या बाजूने सांगितले जाते, की तिच्यावर ऑपरेटिंग सिस्टिम नसते, त्यामुळे तपासायचा पसारा आटोपशीर राहतो. आणि ती चिप बंद पडली तरी तिचा मजकूर दुसऱ्या कंपनीच्या चिपमध्ये नेता येतो. विरुद्ध बाजूचा मुद्दा असा, की सुरक्षेच्या सगळ्या समांतर शाखांत तोच मजकूर असेल, तर त्यातली एक चूक सगळ्या शाखा एकाच वेळी लंगड्या करील. म्हणून वेगवेगळ्या तंत्रांचे मिश्रण ठेवण्याचा आग्रह धरला जातो. काही प्रकारच्या एफपीजीएत किरणोत्साराने बिट उलटण्याची शक्यता असते, हीही एक चिंता.

कायदा आणि भंगार

पुनर्निर्मिती कायदेशीर आहे का, या प्रश्नाचे उत्तर थरांनी द्यावे लागते. चिपच्या आतल्या मांडणीला भारतात २००० च्या कायद्याने दहा वर्षांचे संरक्षण आहे, त्यामुळे १९७०-८० च्या चिपांचा आतला आराखडा या कायद्यापुरता मोकळा आहे. इपीरॉममधला प्रोग्राम मात्र लेखनासारखा जपला जातो आणि त्याचा हक्क दीर्घकाळ चालतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात स्वतःच्या प्रतीचा बचावासाठी उतारा घेणे, दोन यंत्रणांचा मेळ घालण्यासाठी लागणारी माहिती काढणे आणि प्रोग्रामचे निरीक्षण-परीक्षण करणे यांना वाट ठेवली आहे. स्पेक्ट्रमच्या बाबतीत हक्क १९८६ पासून ॲमस्ट्रॅड कंपनीकडे गेले आणि तिने इम्युलेटरसोबत रॉमचा मजकूर वाटायला परवानगी दिली. सगळ्याच कंपन्या इतक्या उदार नव्हत्या. एनईसीच्या व्ही२० वरून इंटेलशी झालेला अमेरिकेतला खटला १९८९ मध्ये निकाली निघाला. चिपच्या आतल्या सूक्ष्म प्रोग्रामलाही कॉपीराइट लागू होतो, पण एनईसीने त्याचा भंग केला नाही, असे न्यायालयाने ठरवले. हुबेहूब वागणारी चिप स्वतंत्रपणे लिहिता येते, या समजुतीला त्या निकालाने बळ दिले.

भंगाराचा मुद्दा कमी बोलला जातो. २०२२ चे ई-कचरा नियम एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांनी पुनर्चक्रण करणारे आणि दुरुस्त करून पुन्हा विकणारे या दोघांनाही नोंदणीच्या चौकटीत आणले. पर्यावरणाच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. पण जुन्या कार्डांचा सर्वांत मोठा साठा भंगारवाल्याकडेच असतो. तिथून एखादे दुर्मिळ कार्ड वितळण्याआधी बाजूला काढणारी नजर या व्यवस्थेत कुठे बसते, यावर दोन्ही बाजूंचे लोक अजून एकत्र बसून बोललेले नाहीत.

न सुटलेले प्रश्न

इतके मार्ग असूनही काही गाठी सुटलेल्या नाहीत.

पहिली, ‘मूळ’ कशाला म्हणावे याचा मापदंड. प्रोसेसर जुना पण बोर्ड नवा, बोर्ड जुना पण प्रोसेसर नवा, की दोन्ही नवे पण वागणूक जुनी? संग्रहालय, हौशी आणि कारखाना यांची उत्तरे वेगवेगळी आहेत, आणि प्रत्येकाचे आपल्या जागी बरोबर आहे. अडचण होते ती एकाचा मापदंड दुसऱ्यावर लावला की.

दुसरी, सत्यापनाचा खर्च. हौशी जगात हजारो लोक प्रतिकृती वापरतात, दोष सापडले की सुधारतात. ही फुकटची तपासणी जबरदस्त असते. औद्योगिक कार्ड मात्र एखाद्याच कारखान्यात असते. तिथे तपासणारा एकटाच, आणि चूक झाली तर यंत्र त्याच्याच समोर बिघडते.

तिसरी गाठ भारतीय यंत्रांची. स्पेक्ट्रम आणि बीबीसी मायक्रोभोवती जगभर गोतावळा आहे. त्यांची भारतीय भावंडे त्या गोतावळ्याच्या आधाराने तरून जातील. टीडीसी-१२ आणि त्याच्या वंशजांना असा आधार नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये दाखवलेला परम ८००० ब्रिटनच्या ट्रान्सप्युटर चिपांवर चालत होता, आणि त्या चिपांचे घराणेच पुढे संपले. अशा यंत्रांची पुनर्निर्मिती करायची झाली, तर बाजारातून प्रेरणा मिळणार नाही. संस्थांनाच ठरवावे लागेल. आधी इम्युलेटर, मग बोर्ड असा क्रम काहींना सोयीचा वाटतो. उरलेली अस्सल कार्डे आधी सुरक्षित करा, असे इतरांचे म्हणणे.

चौथी, आणि माझ्या मते बाकी तिन्हींच्या मुळाशी असलेली गाठ: कागद आणि माणूस. कोलोसस परत उभा राहिला तो आठवणींच्या बळावर. ईडीएफला ६८०० ची प्रतिकृती करता आली, कारण मूळ प्रोग्राम आणि त्याच्या चाचण्यांची नोंद जपलेली होती. एखाद्या कार्डाचे ड्रॉइंग नाही, इपीरॉमचा उतारा नाही आणि ते बसवणारा इंजिनिअर निवृत्त होऊन गावी गेला आहे, असे असेल तर चारही वाटा सारख्याच बंद होतात. चिप मिळाली तरी तिने काय करायचे होते, हे कुणाला माहीत नसते.

म्हणून चार पक्षांत निवड करण्याआधी चौघांनाही मान्य असलेले एक काम आहे, आणि त्याला फारसा खर्च नाही. कार्ड चालू आहे तोवर इपीरॉम वाचून तिचा उतारा दोन ठिकाणी ठेवणे, जंपर कुठे का मारला ते लिहिणे, दुरुस्तीची तारीख नोंदणे. जुन्या कारागिरांनी हे काम आपल्या परीने केलेलेच असते. इपीरॉमच्या काचेच्या खिडकीतून ऊन आत गेले तर प्रोग्राम पुसला जातो, म्हणून तिच्यावर स्टिकर चिकटवतात; आणि त्या स्टिकरवर कुणीतरी बॉलपेनने आवृत्तीचा क्रमांक लिहिलेला असतो. दमट हवेत शाई फिकी पडते, कडा सुटू लागतात. बोईसरच्या एखाद्या पॅनेलमध्ये असा स्टिकर दिसला, तर तो गळून पडण्याआधी त्यावरचा आकडा वहीत उतरवून घ्यावा.